अननसाचा रस आणि न जुळलेल्या दोन नळ्या

प्रश्न : माझ्या 26 वर्षांच्या भाच्याला वर्षभरात दोनदा स्वादुपिंडाला सूज आली आणि दोन्ही वेळा ॲडमिट करावं लागलं. तो दारूला शिवत नाही, पित्ताशयात खडे नाहीत. सोनोग्राफी झाली, सीटी स्कॅन झालं, कारण काही सापडलं नाही. शेवटी एमआरसीपी नावाची तपासणी केली. त्याआधी त्याला चक्क पेलाभर अननसाचा रस प्यायला लावला. शिरेतून काही टोचलं नाही, तरी फिल्मवर नळ्या लख्ख पांढऱ्या दिसत होत्या. रिपोर्टमध्ये लिहिलंय, 'पॅन्क्रिआज डिव्हायझम, जन्मजात'. जन्मापासून होतं तर सीटीत का दिसलं नाही? औषध न टोचता नळी दिसली कशी? आणि तो रस कशाला?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : रसापासूनच सुरुवात करतो. त्या पेलाभर रसात या तपासणीची सगळी युक्ती दडलेली आहे.

एमआरआयचं यंत्र आपल्या शरीरातल्या पाण्याशी बोलतं. मोठ्या चुंबकात माणूस झोपवायचा, रेडिओलहरींचा एक झटका द्यायचा आणि पाण्यातल्या हायड्रोजनच्या केंद्रकांकडून परत येणारा संदेश टिपायचा. हा संदेश हळूहळू विरत जातो, पण सगळीकडे सारख्या वेगाने नाही. यकृत, स्नायू, स्वादुपिंडाचा गर अशा घट्ट भागांत तो झटपट विरतो. साचलेल्या, संथ पाण्यात मात्र तो बराच वेळ टिकतो. एमआरसीपीत यंत्र मुद्दाम थांबतं. घट्ट अवयवांचा आवाज बंद पडू देतं आणि मग टिपायला लागतं. तोवर बोलत उरलेलं असतं ते फक्त संथ पाणी : पित्त, स्वादुपिंडाचा रस, पाठीच्या कण्यातलं पाणी, जठरातलं पाणी. वाहतं रक्तसुद्धा चित्रातून गळून पडतं, कारण टिपायची वेळ येईपर्यंत ते जागेवरून पुढे गेलेलं असतं. म्हणून काही न टोचता नळ्या पांढऱ्या आणि बाकी सगळं काळं. ही पद्धत 1991 साली पहिल्यांदा मांडली गेली.

अडचण जठराची. ते आणि त्याच्या पुढचं आतडं नेमकं स्वादुपिंडाच्या पुढ्यात येतं. त्यातलं पाणीही तितकंच पांढरं दिसतं आणि दोन-तीन मिलिमीटरची नळी त्या पांढऱ्या ढिगामागे हरवते. अननसाच्या रसात मँगनीज भरपूर असतं. मँगनीज चुंबकीय गुणाचं, त्यामुळे त्याच्या शेजारच्या पाण्याचा संदेश लवकर विरतो. रस प्यायला की जठरातलं पाणी फिल्मवर काळं होतं आणि मागची नळी मोकळी दिसते. यासाठी खास औषधंही आहेत, पण रस स्वस्त, चवीला बरा आणि कुठेही मिळतो. भाच्याला चार-सहा तास उपाशीही ठेवलं असेल. त्यामुळे जठर रिकामं राहतं आणि पित्ताशय भरलेलं.

आता सीटीचं. सीटीला दोष देऊ नका, त्याला वेगळा प्रश्न विचारला होता. सूज किती आहे, आजूबाजूला पाणी साचलंय का, स्वादुपिंडाचा काही भाग मेलाय का, चुन्याचे खडे आहेत का, हे सीटी उत्तम सांगतं. निरोगी माणसाची नळी मात्र डोक्याच्या भागात जेमतेम तीन मिलिमीटर आणि शेपटीकडे त्याच्या निम्मी. ती सरळही धावत नाही, वर-खाली, पुढे-मागे वळत जाते, त्यामुळे सीटीच्या प्रत्येक कापात तिचा एखादाच तुकडा सापडतो. आताच्या यंत्रांवर संगणकाने नळीच्या वळणांबरहुकूम चित्र उलगडता येतं, पण तसं कुणी मुद्दाम केलं तरच. शिवाय सूज ताजी असताना नळी दाबली जाते. म्हणून नळीचा नकाशा हवा असेल तर बहुधा सूज उतरल्यावर, काही आठवड्यांनी एमआरसीपी करतात.

मग या नकाशात दिसलं काय? त्यासाठी आईच्या पोटातल्या सहाव्या-सातव्या आठवड्यात जायला हवं. स्वादुपिंड एकसंध जन्माला येत नाही. त्याचे दोन कोंब असतात, एक पाठीकडचा मोठा आणि एक पोटाकडचा छोटा, दोघांनाही आपापली नळी. आतडं वळतं तसा छोटा कोंब त्याच्याबरोबर मागच्या बाजूने फिरून मोठ्याला येऊन चिकटतो. गर जुळतो, मग नळ्याही जुळतात. यानंतर मोठ्या कोंबाचा रस आपल्या जुन्या दाराने न जाता छोट्याच्या नळीतून, पित्तनलिकेच्या सोबतीने, मोठ्या दाराने आतड्यात उतरतो. नवा बायपास झाल्यावर जुना घाटरस्ता ओस पडावा, तशी ती जुनी नळी बारीक होते, काहींमध्ये बंदच पडते. डिव्हायझम म्हणजे गर जुळला, नळ्या जुळल्या नाहीत. बायपास झालाच नाही, तेव्हा सगळी जड वाहतूक त्या अरुंद घाटातूनच.

या नळ्यांना माणसांची नावं आहेत आणि त्यातल्या एका नावामागची गोष्ट सांगायचा मोह मला आवरत नाही. इटलीतल्या पादुआ शहरात योहान गेओर्ग विर्सुंग नावाचा जर्मन शरीरशास्त्रज्ञ होता. 2 मार्च 1642 रोजी त्याने फाशी गेलेल्या एका खुन्याचं शवविच्छेदन केलं, तेव्हा स्वादुपिंडाच्या मधोमध धावणारी नळी त्याला दिसली. तिचं काम त्याला कळेना. धमनी म्हणावी की शीर, हेही ठरेना, कारण तिच्यात रक्त कधीच सापडत नव्हतं. त्याने लेख लिहिला नाही. त्याऐवजी ती नळी तांब्याच्या पत्र्यावर कोरली, छापे काढले आणि युरोपातल्या नामवंतांना पाठवून हे काय असावं म्हणून विचारलं. पुढे ऑगस्ट 1643 मध्ये, घराजवळ त्याला गोळी घालून मारण्यात आलं. मोरित्स होफमान हा त्याचा विद्यार्थी पुढे म्हणू लागला की अशी नळी पक्ष्यामध्ये मीच आधी पाहिली आणि विर्सुंगला दाखवली. वैद्यकातले श्रेयाचे वाद आजचे नाहीत. विर्सुंगचा तो तांब्याचा पत्रा पादुआत अजून जपून ठेवलेला आहे. एका अर्थी स्वादुपिंडाच्या नळीचं पहिलं 'इमेजिंग' तेच. दुसरी, जुन्या दाराची नळी व्हेनिसच्या जोव्हान्नी दोमेनिको सांतोरिनी याच्या नावाने ओळखली जाते. तो 1737 साली वारला आणि त्याची चित्रं 1775 मध्ये, मृत्यूनंतर अडतीस वर्षांनी प्रसिद्ध झाली.

तुमच्या भाच्याच्या फिल्मवर रेडिऑलॉजिस्टने बहुधा हे पाहिलं असेल : मोठी नळी पित्तनलिकेकडे खाली वळत नाही. ती तिच्यासमोरून, तिला ओलांडून सरळ पलीकडे जाते आणि आतड्यात मोठ्या दाराच्या साधारण दोन सेंटिमीटर वर, छोट्या दारात उघडते. खाली पित्तनलिकेच्या टोकाशी एक आखूड, बारीक नळी दिसते. ती छोट्या कोंबाची. या दोघींमध्ये दुवा नाही. पित्तनलिकेला ओलांडणारी ही रेघ सापडली की निदान जवळजवळ पक्कं.

'जवळजवळ' अशासाठी की एमआरसीपीला फसायलाही होतं. भिंतीवर टांगतो ती सुंदर फिल्म म्हणजे अनेक कापांचा एकावर एक टाकलेला ढीग असतो. त्यात पुढची नळी आणि मागची नळी एकत्र आल्यासारखी दिसू शकते. शेजारच्या धमनीच्या ठोक्याने नळी मध्येच तुटल्यासारखी वाटते. श्वास हलला की सगळंच धूसर. म्हणून चांगला रेडिऑलॉजिस्ट फिल्मवर भरवसा ठेवत नाही, मूळ काप एकेक करून पाहतो. काहींमध्ये दोन नळ्यांना जोडणारा केसाएवढा दुवा असतो, तो एमआरसीपीत न दिसल्यामुळे अर्धवट डिव्हायझमला पूर्ण म्हटलं जातं. सगळ्यांत घातक चूक वेगळीच. स्वादुपिंडाच्या डोक्यात गाठ झाली आणि तिने छोट्या कोंबाची नळी दाबली, तरी चित्र हुबेहूब डिव्हायझमचं दिसतं. साठी उलटलेल्या, वजन घटलेल्या किंवा कावीळ झालेल्या माणसाच्या रिपोर्टमध्ये हा शब्द पहिल्यांदाच आला, तर आधी गाठ शोधायची. भाच्याच्या वयात ही शक्यता फार कमी.

नुसत्या एमआरसीपीतून डिव्हायझम हुकण्याचं प्रमाणही बरंच आहे. अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा साध्या एमआरसीपीने निम्म्याच्या आसपास रुग्ण ओळखले. तीच तपासणी सिक्रेटिनचं इंजेक्शन देऊन केली तर हे प्रमाण 85 टक्क्यांच्या पुढे गेलं. सिक्रेटिन हा आतड्यात तयार होणारा स्राव. 1902 साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात बेलिस आणि स्टार्लिंग यांनी कुत्र्याच्या आतड्याच्या नसा तोडल्या, तरी आतड्यात आम्ल पडताच स्वादुपिंड रस सोडतच राहिलं. म्हणजे निरोप नसांतून नाही, रक्तातून जात होता. हा पहिला सापडलेला हार्मोन. 'हार्मोन' हा शब्दही स्टार्लिंगने तीन वर्षांनी, 1905 मध्ये वापरात आणला. हेच सिक्रेटिन शिरेतून दिलं की स्वादुपिंडातून रस सुटतो, नळी भरते, फुगते आणि फोटोत उठून दिसते. दर अर्ध्या मिनिटाला, सुमारे दहा मिनिटं फोटो घेत राहायचे. निरोगी माणसाची नळी काही मिनिटांत फुगून पुन्हा पूर्ववत होते. दार अरुंद असेल तर ती फुगलेलीच राहते. कधी छोट्या दाराशी नळीचा फुगा तयार झालेला दिसतो, त्याला सांतोरिनीसील म्हणतात. इथे तपासणी नुसता नकाशा देत नाही, वाहतूक कुठे तुंबते तेही दाखवते. माझ्या मते डिव्हायझमच्या बाबतीत खरा प्रश्न हाच आहे. अडचण एवढीच की हे औषध महाग आणि सगळीकडे सहज मिळत नाही, त्यामुळे रिपोर्टमध्ये 'सिक्रेटिन' शब्द नसेल तर आश्चर्य वाटू नये.

पूर्वी हे सगळं कसं कळायचं, तेही थोडक्यात सांगतो. 1968 मध्ये वॉशिंग्टनच्या मॅकून या सर्जनने पहिल्यांदा एंडोस्कोप आतड्यापर्यंत नेऊन नळीच्या दारात रंगीत औषध सोडलं आणि एक्स-रे काढला. तीच ईआरसीपी. चित्र अप्रतिम, पण किंमत मोठी : या प्रक्रियेनेच शंभरातल्या पाच-दहा जणांच्या स्वादुपिंडाला सूज येते. सूज का येते हे शोधायला जाऊन सूज आणायची, हा सौदा एमआरसीपी आल्यावर बंद पडला. आज ईआरसीपी करतात ती बहुधा उपचारासाठी. निदानासाठी दुसरी चांगली वाट एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंडची. एंडोस्कोपच्या टोकाला सोनोग्राफीचा प्रोब असतो. जठराच्या आतून पाहिलं की स्वादुपिंड अगदी समोर येतं आणि मध्ये आतड्यातली हवा येत नाही. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीचा घात ही हवाच करते.

आता तुम्ही न विचारलेला, पण तुमच्या मनात नक्की असलेला प्रश्न : सूज डिव्हायझममुळेच आली का?

इथे मी जरा हात आखडता घेतो. शंभरातल्या पाच ते दहा माणसांमध्ये या नळ्या न जुळलेल्या असतात. भरलेल्या एसटीत दोन-चार जण असे निघतील आणि त्यांतल्या बहुतेकांना ते जन्मभर कळणारही नाही. त्यामुळे सूज आणि डिव्हायझम एकाच माणसात सापडले, एवढ्यावरून एकाने दुसऱ्याला जन्म दिला असं म्हणता येत नाही. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधल्या एका अभ्यासात, कारण न सापडलेली सूज असलेल्यांमध्ये डिव्हायझमचं प्रमाण चारचौघांइतकंच निघालं. पण ज्यांच्या सीएफटीआर या जनुकात बिघाड होता, त्यांच्यापैकी जवळजवळ निम्म्यांत डिव्हायझम सापडलं. दिल्लीच्या एम्समधल्या संशोधकांनीही डिव्हायझम आणि सूज असलेल्या रुग्णांमध्ये स्पिंक-1 या जनुकातल्या बदलाचा संबंध दाखवला आहे. म्हणजे नळी एकटी गुन्हेगार नाही, कुणाच्या तरी साथीनेच ती गुन्हा करते.

आणि दार मोठं केलं तर? एंडोस्कोपीने छोट्या दाराला चीर देणं हा बरीच वर्षं सर्रास उपाय होता. 'शार्प' नावाच्या चाचणीत दीडशेच्या आसपास रुग्णांमध्ये तो नीट तपासला गेला. निम्म्यांना खरी चीर, निम्म्यांवर नुसता देखावा, आणि कुणावर काय केलं ते रुग्णाला सांगितलं नाही. 2025 साली निकाल जाहीर झाला : पुढे सूज येण्याच्या प्रमाणात दोन्ही गटांत भरवशाचा फरक दिसला नाही. आता 'डिव्हायझम आहे, चला कापू' असं कुणी म्हणालं, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत नक्की घ्या. आधी ट्रायग्लिसराइड, कॅल्शियम, घेतलेल्या औषधांची यादी आणि एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंडवर पित्ताशयातली बारीक खडी एवढं झालंय का, ते विचारा. पित्तातली ही वाळू साध्या सोनोग्राफीत सहज निसटते आणि पित्ताशय काढल्यावर सूज थांबते. जनुकीय तपासणीचाही विषय काढा, विशेषतः घरात आणखी कुणाला स्वादुपिंडाचा किंवा कमी वयात मधुमेहाचा त्रास असेल तर.

प्रश्न : स्वादुपिंडाच्या नळीचे असे आणखी कोणते जन्मदोष असतात? त्यांतला एखादा खरंच धोक्याचा असतो का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : असतात. बरेचसे नुसते गमतीचे. नळीला शेपटीत दोन फाटे, किंवा मध्येच एक वळसा. 1961 साली वर्णन झालेला 'अंसा पॅन्क्रिॲटिका' हा असाच एक वळसा. अशा वळशांचा पुन्हा पुन्हा येणाऱ्या सुजेशी संबंध जोडला जातो, पण गाडी तिथेच थांबलेली आहे.

दोन दोष मात्र लक्षात ठेवण्यासारखे. पहिला वलयाकार स्वादुपिंडाचा : छोटा कोंब फिरताना आतड्याभोवतीच कडं घालून बसतो. याचं पहिलं वर्णन 1818 मधलं, जर्मनीतल्या टीडमानचं. कडं घट्ट असेल तर बाळ जन्मतःच उलट्या करतं आणि साध्या एक्स-रेत पोटात हवेचे दोन बुडबुडे दिसतात. डाउन सिंड्रोम असलेल्या बाळांमध्ये हे तुलनेने जास्त. सर्जन ते कडं कापत नाहीत, कारण त्याच्या पोटातून नळी जाते आणि कापली तर रस बाहेर झिरपेल. ते कड्याच्या वरचं आणि खालचं आतडं एकमेकांना जोडून देतात. सैल कडं असलेली माणसं म्हातारी होईपर्यंत सुखात जगतात, मग एखाद्या सीटीत सहज दिसतं.

दुसरा दोष खरा धोक्याचा, आणि तो पाहिला की रेडिऑलॉजिस्टचा सूर बदलतो. पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नळी एरवी आतड्याच्या भिंतीत एकत्र येतात. तिथल्या झडपेमुळे एकीचा रस दुसरीत जात नाही. काहींमध्ये त्या भिंतीच्या बाहेर, झडपेच्या आधीच जुळतात आणि त्यांची सामाईक नळी लांबलचक होते. प्रौढांमध्ये ती दीड सेंटिमीटरच्या पुढे गेली की संशय घ्यायचा. स्वादुपिंडाच्या नळीत दाब जास्त, म्हणून त्याचा पाचक रस पित्तनलिकेत उलटा घुसतो. वर्षानुवर्षं तिथलं अस्तर भाजत राहतं. लहानपणी पित्तनलिकेला फुगे येतात, मोठेपणी पित्ताशयाचा कॅन्सर होण्याचा धोका वाढतो. हा दोष जपान आणि पूर्व आशियात जास्त आढळतो, त्यावरचं पुष्कळसं कामही जपानी डॉक्टरांचंच. खडे नसले तरी बहुधा पित्ताशय काढून टाकण्याचा सल्ला देतात, आणि फुगा असेल तर पित्तनलिकेचा तो भागही. डिव्हायझमच्या रिपोर्टवर थोडं थांबून विचार करता येतो, इथे तसं करू नये.

प्रश्न : एमआरसीपीत किरण लागतात का? दुसऱ्या शहरात दाखवायचं तर तपासणी पुन्हा करावी लागेल का?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : किरण नाहीत. चुंबक आणि रेडिओलहरी, एवढंच. कानात ठकठक होते आणि बोगद्यात काही जणांचा जीव घाबरतो. पेसमेकर, शरीरात बसवलेलं कोणतंही यंत्र, पूर्वी मेंदूत लावलेली क्लिप याबद्दल आधीच सांगायला हवं. श्वास सांगतील तसा रोखला तर चित्र नीट येतं, कारण स्वादुपिंड श्वासाबरोबर वर-खाली होतं.

पुन्हा करायची गरज बहुधा पडत नाही, फक्त नुसता कागदी रिपोर्ट किंवा फिल्म घेऊन जाऊ नका. तपासणीची सीडी किंवा पेनड्राइव्ह मागून घ्या आणि त्यात सगळे मूळ काप असल्याची खात्री करा. बऱ्याच ठिकाणी सीडीत निवडक चित्रंच टाकतात, तेव्हा 'पूर्ण डेटा द्या' असं स्पष्ट सांगावं लागतं. पहिल्या तपासणीच्या वेळी सूज होती की उतरली होती, त्याची तारीख त्या सीडीवरच लिहून ठेवा. दुसरा रेडिऑलॉजिस्ट ती आधी विचारेल.